माणसामागे दोन सूत

४ मार्च

ति. काका यांस,
टिकलीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने घालता, म्हणून पत्रच लिही असं काकूने बजावलं आहे. तिचं ऐकते.

नोकरीवर रुजू होऊन महिना झाला. खोली चांगली आहे. खिडकीतून पाणी दिसतं आणि पाण्यात ते बेट दिसतं. ३१ मेला धरणाची दारं बंद होतील आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत बेट बुडेल. बाकी सगळी घरं इकडच्या नव्या वसाहतीत आली आहेत. सहा म्हातारी माणसं तेवढी राहिली आहेत : नावाडी, सुईण, शिंपी, सुतार आणि दोघी बहिणी. त्यांना आणणं हे माझं काम. मुदत संपली की त्यांना उचलून आणतील असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, एकालाही उचलावं लागणार नाही, सहाही जण स्वतःहून हो म्हणून येतील. साहेब हसले. काका, मी ते बोलून तर बसले आहे.

पण अडलंय ते ट्रेलरवर. कार्यालयाची पत्र्याची होडी आहे. सडकेपासून पाण्यापर्यंत अर्धा मैल चिखलाची वाट आहे आणि मध्ये खडकाचा एक उंचवटा. माझ्या आधीचा माणूस तिथे दोनदा अडकला आणि नोकरी सोडून गेला. आवारात दोन ट्रेलर आहेत. एक बुटका, बारीक चाकांचा, पण सांगाडा ठणठणीत. दुसरा शेतीचा, उंच आणि अवजड. ट्रॅक्टरवाला म्हणतो दुसराच घ्या. मला पहिला बरा वाटतो, पण का ते सांगता येत नाही. घरातली पहिली पदवीधर आहे, पण पदवीत ट्रेलर नव्हता.

आईच्या गुडघ्यावर लक्ष ठेवा. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू द्या.

तुमची पुतणी
टिकली

१० मार्च

चि. टिकली हीस,
काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. आईचा गुडघा ठीक आहे, तोंड त्याहून ठीक आहे.

बुटकाच घे. बोटीच्या ट्रेलरची उंची दुधारी असते. तो जेवढा उंच, तेवढा जास्त खोल पाण्यात न्यावा लागतो, तेव्हा कुठे होडी तरंगते. शेतीचा घेतलास तर ट्रॅक्टरवाल्याची रोज आंघोळ होईल. त्याला हौस असेल तर विचार.

आता घासतं काय ते आधी बघ. ॲक्सल घासत असेल तर इलाज एकच, मोठी चाकं. ॲक्सलची उंची चाकानेच वाढते. पण सांगाड्याची मागची आडवी पट्टी घासत असेल तर पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांची जुडी, ॲक्सलच्या खालून काढून वर बसवायचे. तीन बोटं तिथेच मिळतात. मला वाटतं तुला दोन्ही करावं लागेल. टायर रुंद आणि खोल नक्षीचे घे, हवा जरा कमी ठेव. बारीक चाक चिखल कापत आत जातं, रुंद चाक त्याच्यावर बसतं. मडगार्ड उचलून लाव, टायर आणि त्याच्यामध्ये आडवी मूठ मावली पाहिजे. आणि सडकेवरून आल्या आल्या चाक पाण्यात घालायचं नाही. चाकाचा मधला तुंबा, हब, गरम असला की पाणी ओढून घेतो. चहा पिऊन होईपर्यंत थांबायचं.

पाटे मी पाठवतो. आपल्या ट्रेलरच्या शेडमधलेच, घरच्या माणसांवर तपासलेले. तुला आठवत असेल, मी वाळूची पोती ठेवत नाही, सगळ्यांना ट्रेलरवर बसवतो. वाळू हलत नाही, माणूस चुळबुळ करतो, पाट्याला खरा भार तोच. हे पाटे माणसामागे दोन सूत बसतात, म्हणजे पाव इंच. काकू बसली तेव्हा तीन सूत बसले आणि ते मी मोठ्याने वाचलं. दोन दिवस मला वाढलेलं ताट भिंतीकडे तोंड करून जेवावं लागलं.

पाटे बसवल्यावर ट्रेलर सपाट जागी रिकामा उभा कर आणि सांगाडा ते ॲक्सल अंतर मोजून खडूने रेघ मार. प्रत्येक फेरीनंतर मोज. पाटा थकायला लागला की तो आधी त्या रेघेवर सांगतो.

माया आहे तशीच आहे. पोरी, जेवत जा.

काका

२ एप्रिल

ति. काका यांस,
सा. न. वि. वि.

ट्रेलर झाला. पाटे वर गेले, पाच नटांच्या रिमा मिळाल्या, टायर असे रुंद आहेत की ट्रॅक्टरवाल्याने पहिल्यांदा माझ्याकडे आदराने बघितलं. खडकावर मागची पट्टी चार बोटं वरून गेली. मी वाकून बघत होते आणि चिखलात बसले, ते सोडा.

दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत शिंपीआजोबांशी बोलले. सहांत वाद घालणारे तेच. नव्या घराला उत्तरेचा उजेड आहे का, मशीन कुठे ठेवायची, दोन तास चाललं. शेवटी म्हणाले, बरं, हो. इतका आनंद झाला मला. दुसऱ्या फेरीत सुईणआजी हो म्हणाल्या. माणसांना नीट समजावलं, त्यांचं ऐकून घेतलं, की ती येतात. मला हेच सिद्ध करायचं होतं.

आता माप. बसवल्यावर रेघ मारली होती. पहिल्या फेरीहून आल्यावर सांगाडा रेघेच्या दोन सूत खाली होता. दुसऱ्या फेरीनंतर चार सूत. दोन्ही वेळा होडी उतरवून, ट्रेलर रिकामा करूनच मोजलं. पाटे नवे आहेत, बसत असतील. तरी कळवते.

एक गोष्ट उगीच मनात राहिली आहे. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा शिंपीआजोबा दारात गप्प बसले होते. मशीनची सुई कापडात रुतलेली, तशीच. मी नमस्कार केला, त्यांनी बघितलं, पण ओळख दिली नाही. सुईणआजी म्हणाल्या, त्याचं झालं, तो मागच्या खेपेला तुझ्याबरोबर गेला. टोमणा असावा.

आईला सांगा की मी जेवते. काकूला सांगा की मी तिच्या बाजूची आहे. आठवण ठेवा, मी ठेवतेच.

टिकली

८ एप्रिल

चि. टिकलीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं माप दोनदा वाचलं. मोजताना ट्रेलरवर कोण बसलं होतं? रिकामा असं लिहिलं आहेस, पण चार सूत म्हणजे दोन माणसं. नवा पाटा थकतो तो सुतासुताने थकत नाही, आणि बरोबर दोन-दोन सूत तर नाहीच.

हे बघून घे. दोन्ही टायरची हवा सारखी आहे का. पाट्याची एखादी पाती, म्हणजे जुडीतली पट्टी, तडकली आहे का, नखाने चाचप. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट घसरलेत का. सांगाड्याच्या पाइपात पाणी शिरलं आहे का, तळाला एक भोक पाड, असेल तर गळून जाईल. जमीन खरंच सपाट आहे का, तांब्याभर पाणी ओतून बघ.

सगळं बरोबर निघालं तर आणखी एक कर. जॅक लावून सांगाडा उचल आणि जॅक हळूच सोड. पाटा थकला असेल तर तो मेल्यासारखा खाली बसतो. त्याच्यावर भार असेल तर बसताना जरा डुलतो. शेडमध्ये तुम्ही पोरं बसायचात तेव्हा डुलायचा तसा. मी भलतंसलतं लिहीत नाही, फक्त फरक सांगतो.

काकू विचारते, तिकडे सोबतीला कोणी आहे का. उत्तर दे, नाहीतर ती मलाच पाठवील.

काका

२५ एप्रिल

ति. काका यांस,
सा. न. वि. वि.

सगळं तपासलं. हवा सारखी. पाती अखंड. बोल्ट जागचे हलले नाहीत. पाइपाला भोक पाडलं, त्यातून एक कोळी निघाला. पाणी सगळीकडे सारखं पसरलं.

काल जॅक सोडला. भर दुपार होती, वारा नव्हता, ट्रॅक्टरवाला शेजारी उभा होता. सांगाडा खाली आला आणि डुलला. एकदम नाही. आधी डावीकडे, मग मागे, जसं कोणी कोणाला सरकून जागा देतं. ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढली आणि तो घरी गेला. आज आला आहे, पण ट्रेलरला पाठ करून बसतो.

पाच फेऱ्या झाल्या. सांगाडा दहा सूत खाली आहे.

मी वही काढून बसले. शिकलेल्या माणसाने आधी वही बघावी. ज्या फेरीत ज्याने हो म्हटलं, त्याच फेरीनंतर पाटा दोन सूत बसला आहे. आणि त्यानंतर ते माणूस गप्प झालेलं आहे. शिंपी, सुईण, सुतार, थोरली बहीण, धाकटी बहीण, याच क्रमाने. ती जिवंत आहेत. श्वास चालू आहे, समोर ठेवलं तर खातात. हाक मारली तर बघतात, पण घर सोडून गेलेल्या माणसाच्या खिडकीतून आत बघावं, तसं वाटतं.

नावाडीआजोबा तेवढे बोलतात. ते मला रागावले नाहीत. म्हणाले की होकार म्हणजे काय तुला चिठ्ठी वाटली का, की खिशात घालून नेली आणि माणूस मागून आलं. इथे माणूस हो म्हणालं की ते निघालंच.

मी नोकरी सोडू का? आधीच्या माणसासारखी? मी सोडली तर दुसरा कोणी येईल आणि त्यांना पोत्यासारखं उचलेल. आणि जे ट्रेलरवर आहेत त्यांचं काय, हे त्याला माहीतही नसेल.

सोबतीला कोणी नाही. काकूला आहे म्हणून सांगा.

टिकली

१ मे

चि. टिकलीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं नाही. तिने माझ्या तोंडावरून वाचलं.

मी चौथी शिकलो. मला कळतं ते एवढंच की माप खोटं बोलत नाही. पाट्यावर पाच माणसं आहेत तर पाच आहेत. ती डोळ्यांना दिसत नाहीत हा पाट्याचा दोष नाही.

म्हणून पुढचं काम मी असं धरतो. ट्रेलरवर सहा येणार आणि मग ती सहाही जणं अंगाने येऊन बसणार. बारा माणसांचा भार झाला. दहा सुतांवर तू आताच उंचवट्यापासून अडीच बोटांवर आली असशील, चोवीसवर मागची पट्टी नक्की घासेल. दोन्ही बाजूंना एक-एक जादा पाती पाठवतो आहे, सर्वांत लांब पातीच्या खाली घाल. बाराही जणांना खडक लागू देऊ नकोस. आपल्या हातच्या ट्रेलरवर बसलेल्या माणसाला आजवर हिसका बसलेला नाही.

नोकरी सोडू नकोस. अर्ध्या वाटेत भरलेली गाडी सोडून कोणी उतरत नाही. पण नावाड्याला आता काही समजावू नकोस. तो स्वतः काय म्हणतो ते बघ.

रोज एक ओळ लिहीत जा. लांबलचक नको.

काका

१९ मे

ति. काका यांस,
सा. न. वि. वि.

रोज एक ओळ लिहायला बसायचे आणि उठायचे. आज सगळं एकदम लिहिते.

पात्या घातल्या. त्या घातल्यावर सांगाडा थोडा उचलला, म्हणून रेघही तेवढीच वर घेतली आणि दहा सुतांपासून पुढे मोजायला लागले.

नावाडीआजोबांना मी समजावलं नाही, शपथेवर सांगते. १० मेला गेले तेव्हा ते वल्हं तासत होते. म्हणाले, आता माझ्याशी बोलणारं इथे कोणी उरलं नाही, पाचही जण नेलेस, तर मी तरी एकटा कोणाशी नाही म्हणू. हो लिही. मी थांबा म्हणेपर्यंत त्यांचा हात वल्ह्यावर थांबला होता. परत आल्यावर पाटा आणखी दोन सूत खाली होता.

काल सहाही जणांना आणलं. त्यांनी विरोध केला नाही. हात धरला की उठली, होडीत बसवली की बसली. चिखलातून त्यांना चालवत नाही म्हणून होडीसकट ट्रेलरवर ओढून घेतलं. खडकापाशी मी ट्रॅक्टर थांबवायला सांगितला आणि खाली वाकून माप घेतलं.

काका, सहा माणसं माझ्या डोळ्यांसमोर होडीत बसली होती आणि पाटा एक सूतही बसला नाही. तुम्ही चोवीस सुतांची तयारी केली होती. तिथे होडीचं वजन वगळून बाराच होते, आदल्या दिवशी रिकाम्या ट्रेलरवर होते तेवढेच.

ती आता वसाहतीतल्या शाळेच्या खोलीत रांगेने बसली आहेत. मुलं-सुना येऊन भेटून गेल्या. एक सून मला बाजूला घेऊन म्हणाली की सासऱ्यांना आंघोळीला उचललं तर भरल्या बादलीएवढीही ताकद लागली नाही. साहेबांनी अभिनंदन केलं. म्हणाले, एकालाही उचलावं लागलं नाही, तू म्हणाली होतीस तसंच झालं. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

ट्रेलर आवारात आहे. भरलेला. काय करू, सांगा.

टिकली

२३ मे

चि. टिकलीस,
आशीर्वाद.

इतकं सोपं विचारतेस, म्हणजे घाबरली आहेस. माणसं एकीकडे आणि त्यांचा भार दुसरीकडे आहे. शेडमध्ये आपण काय करतो? माणसाला ट्रेलरवर बसवतो. त्यांना आण आणि एकेकाला बसव. घाई करू नकोस. आपापली जागा सापडू दे. मग उतरायला सांग, हात देऊ नकोस. जो स्वतःहून उतरेल तो पुरता उतरेल.

जो उतरणार नाही त्याला ओढू नकोस. ट्रेलरला स्वतःची दिशा नसते बाळा, ती ओढणाऱ्याची असते. म्हणून ओढणाऱ्याने विचारावं.

काकू म्हणते, तुझ्यावर रागावलेलं कोणी नाही.

काका

१ जून

ति. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र २८ तारखेला मिळालं, त्याच सकाळी बसवलं. पहिले शिंपीआजोबा. बसले तेव्हा पाटा हलला नाही. बराच वेळ इकडेतिकडे सरकत राहिले, मग एका जागी थांबले. मी म्हटलं, आजोबा, उतरायचं तर उतरा. त्यांनी पाय खाली टाकला आणि सांगाडा दोन सूत वर आला. उतरल्या उतरल्या मला म्हणाले, उत्तरेचा उजेड म्हणून सांगितलंस, ही तर पश्चिम आहे. मी रडले ते बघून आणखी चिडले.

मग सुईणआजी, सुतार, दोघी बहिणी. प्रत्येक वेळी दोन सूत. धाकटी उतरून थोरलीवर खेकसली की वाटभर हिचं कोपर माझ्या बरगडीत होतं. संध्याकाळपर्यंत खोलीत इतकी बडबड सुरू झाली की शेजारच्यांनी तक्रार केली.

नावाडीआजोबा बसले ते रस्त्याकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून. उतरले नाहीत. २८ गेली, २९ गेली. मी शेजारी बसून राहिले. त्यांनी कधी मनापासून हो म्हटलंच नव्हतं. ते एकटे पडले होते, आणि एकटं मी पाडलं होतं. बाकीच्या पाचांना मी पटवलं, काका. नावाडीआजोबांना मी घेरलं.

३० तारखेला सकाळी मी त्यांच्या समोर उभी राहून म्हटलं, आजोबा, तुमचा होकार मी परत करते आहे. उद्या दारं बंद होणार आहेत, हे लक्षात घेऊन सांगा. त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. सुईणआजी म्हणाल्या, सांगितलं की त्याने, आता ऐक. ट्रॅक्टरवाला आपणहून पुढे आला. आम्ही त्यांना तसंच ट्रेलरवर बसवून खडकावरून नेलं, हिसका लागू दिला नाही. हब निवेपर्यंत थांबलो. मग ट्रेलर मागे मागे पाण्यात सोडला, होडी तरंगली असती इतका खोल. पाणी त्यांच्या मांडीला लागलं तेव्हा सांगाडा उचलला गेला. बाहेर काढून मोजलं. पाटा रेघेवर होता, रिकाम्याचा रिकामा.

आजोबा माझ्याबरोबर चालत परत आले. चिखलात एकाच माणसाची पावलं उमटली, ती माझी.

अहवालात मी खरं लिहिलं, सहा आणले, एक परत पोहोचवला. साहेबांनी कागद परत केला. म्हणाले, खोलीत तर सहा बसले आहेत. मी म्हटलं, हो, बसले आहेत. कागद तसाच पुन्हा दिला.

काल दारं बंद झाली. आज सकाळी खोलीत गेले तर आजोबांची पावलं घोट्यापर्यंत ओली होती. फरशी कोरडी, खुर्ची कोरडी. मी टॉवेलने पुसत राहिले, पुन्हा ओली होत राहिली. दुपारी गुडघ्यापर्यंत. मी डॉक्टरला बोलवायला उठले तर सुईणआजींनी मला धरून खाली बसवलं. म्हणाल्या, त्याला कुठे दुखतंय का ते तरी बघ.

मी बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर कोणीतरी होतं. विजार कमरेपर्यंत भिजली होती, श्वास कामातल्या माणसासारखा चालला होता, आणि दोन्ही हात वल्हं धरल्यासारख्या मुठी वळून पुढे-मागे, पुढे-मागे चालले होते, संथ, एका लयीत. बाकीचे पाचही जण बोलायचे थांबले होते आणि त्यांच्या हातांकडे बघत होते. शिंपीआजोबा हळूच म्हणाले, खोल पाण्यात लागला आता.

मी अजून त्यांच्या शेजारीच बसून हे लिहिते आहे. हात चालू आहेत. ते थांबेपर्यंत मी इथून उठणार नाही.

आईला, काकूला नमस्कार. तुमचा हात माझ्या डोक्यावर असू द्या.

टिकली